एकाहत्तरावी पायरी

७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं पावलं मोजायचं यंत्र मिळालं. पार्सल हिने उघडलं, आणि आधी तिला ते स्वयंपाकघरातलं काहीतरी वाटलं. मी झाकण काढून आत पाहिलं. साधी, प्रामाणिक रचना आहे. आत एक छोटं वजन लोंबतं, माणूस हलला की ते हलतं आणि चाकाचा एक दाता पुढे सरकतो. बनवणाऱ्याने काम मन लावून केलंय.

रोजचे आकडे कळवायला सांगितलं होतंस, ते असे. गुरुवारी सहा हजार बारा, शुक्रवारी सहा हजार नऊ, शनिवारी सहा हजार चौदा, रविवारी सहा हजार दहा, काल सहा हजार अकरा. तेव्हा काळजी नसावी.

डॉक्टरीणबाईंनी गेल्या आठवड्यात छातीला तारा लावून पुन्हा फिरत्या पट्ट्यावर चालवलं. म्हणाल्या, हृदय आता छान सावरलंय, बसून राहिलात तरच बिघडेल, हळूहळू जिने चढायलाही हरकत नाही. हे ऐकून हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

नगर कचेरीचं पत्र आलंय. टॉवरचं घड्याळ ऑक्टोबरपासून बंद आहे. एकतीस मार्चपर्यंत चालू झालं नाही, तर जुनं यंत्र उतरवून तिथे विजेवरचं, आकडे पेटणारं घड्याळ लावणार. तीस वर्षं दर शनिवारी एकशेअठरा पायऱ्या चढून मी त्याला किल्ली दिली, आणि दर वेळी शेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख लिहिली. ते यंत्र दुसऱ्या कोणाला कळत नाही. खरं सांगायचं तर मीच कोणाला कळू दिलं नाही. जाईन मी सवडीने, मार्च अजून लांब आहे.

टॉवरखालचा बेकरीवाला भेटून गेला. तो म्हणतो, मला दवाखान्यात नेलं त्याच्या पुढच्या गुरुवारीसुद्धा त्याने टॉवरच्या घड्याळावरच पाव भट्टीतून काढले. किल्ली दिली की घड्याळ आठ दिवस चालतं. मी बारा ऑक्टोबरला, शनिवारी, किल्ली द्यायला चढताना पडलो, म्हणजे आदल्या शनिवारच्या किल्लीवर ते फार तर रविवारपर्यंत चाललं असणार. पण त्याच्याशी वाद कोण घालणार? त्याला वारांचा मेळ कधीच बसला नाही.

तुझा लोभ आहे म्हणूनच ही यंत्रं येतात, तो असाच येत राहो.

तुझा,
टिकटिक्या


१३ जानेवारी

चि. टिकटिक्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आकडे मी तीनदा वाचले.

अरे, तीस वर्षं मी मोठ्या माणसांना पोहायला शिकवतेय. त्यांच्या हजेरीची कार्डं माझ्याइतकी कोणी पाहिली नसतील. खरा माणूस एक दिवस चार हजार पावलं चालतो, दुसऱ्या दिवशी पाय दुखतात म्हणून नऊशे, आणि तिसऱ्या दिवशी पाहुणे आले म्हणून घरातच बसतो. रोज सहा हजार, तेही फक्त दोन-चारच्या फरकाने, चालणारी एकच वस्तू मला माहीत आहे, आणि ती तुझ्या दुकानाच्या भिंतीवर टांगलेली असते. यंत्र कुठल्या घड्याळाच्या लंबकाला बांधलंयस तेवढं कळव. लबाडी करतानासुद्धा तुला घड्याळ चुकीचं चालवता आलं नाही, याचं मला इतकं हसू आलं की शेजारीण बघायला आली. ती गेल्यावर मात्र वाईट वाटलं.

मी रागावलेली नाही. रागावून कोणी पोहायला शिकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मला फक्त कुतूहल आहे. तू आळशी नाहीस, हे मला माहीत आहे. लहानपणी आख्खी दुपार एका स्प्रिंगसाठी घरभर रांगत होतास. तुझं हृदय बरं आहे, डॉक्टरीण सांगते. मग अडतं कुठे? चपला घालताना? दारात? रस्त्यावर? नेमकी जागा सांग. घड्याळ बंद पडलं की तू गिऱ्हाइकाला आधी हेच विचारतोस ना, की कुठे अडतंय?

वहिनीला म्हणावं, मी तुमच्या बाजूची आहे, पण त्याला बोलू नका.

अक्षर वाकडं आलंय, मनगट अजून कुरकुरतं. सांभाळून घे.

तुझीच,
ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. दुकानातलं मोठं उभं घड्याळ, तिसरं, डाव्या भिंतीवरचं. सकाळी बांधायचो आणि दुपारी काढायचो. आकडे जरा वरखाली करावेत असं सुचलंही होतं, पण घड्याळ मुद्दाम बिघडवायला हात धजेना. आता हिलाही सांगून टाकलं. ती म्हणाली, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जेवायला बसताना माझ्या कमरेला यंत्र नसायचं.

नेमकी जागा विचारलीस. रस्त्यावर अडत नाही. दुकानापर्यंत जातो, बेकरीपर्यंत जातो. पण टॉवरचं लोखंडी दार आलं आणि कडीला हात लावला, की आत धडधड सुरू होते. मी ती मोजली आहे. दारात उभं राहून मिनिटाला एकशेचार. पायरीवर पाऊलही न ठेवता. तेच डॉक्टरीणबाईंच्या पट्ट्यावर वीस मिनिटं भराभर चाललो तेव्हा अठ्ठ्याण्णव होती. हे मला समजत नाही, आणि न समजणं मला झोंबतं. एकही भाग तुटलेला नाही, तेल आहे, किल्ली दिलेली आहे, आणि तरी घड्याळ चालत नाही. असं घड्याळ माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी चिठ्ठीवर काय लिहिलं असतं?

तुला ते कधी सविस्तर सांगितलं नाही. मी एकाहत्तराव्या पायरीवर सापडलो. झाडूवालीने आवाज ऐकला म्हणून, नाहीतर शनिवारी तिकडे कोण जातं? मला स्वतःला फक्त दार उघडल्याचं आठवतं. पुढचं सगळं पुसलं गेलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, असं होतं. पण ती पायरी डोक्यात बसलीय. दारात उभं राहिलं की ती वर कुठेतरी माझी वाट बघत बसलीय असं वाटतं. छप्पन्न वर्षांच्या माणसाने हे लिहावं, याची लाज वाटते. तुलाच लिहितोय.

आणि मनगटाचं काय? जूनमध्ये मोडलं, आता जानेवारी आहे. डॉक्टरांनी व्यायाम दिला होता ना? अक्षर बघून मलाही कुतूहल आहे.

तुझी माया या लबाडाच्या वाट्याला अशीच असू दे.

टिकटिक्या


२५ जानेवारी

चि. टिकटिक्यास,
अ. उ. आ.

चांगलाच वळवलास विषय. ऐक तर. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, दिवसातून शंभर वेळा दाबायला. तो कपाटाच्या खालच्या खणात मोज्यांच्या मागे आहे. सात महिन्यांत एकदाही दाबलेला नाही, आणि जूनपासून मी पाण्यातही उतरलेली नाही. काठावर शिट्टी घेऊन उभी असते आणि लोकांना सांगते, भिऊ नका. माझ्याच शिष्यांसमोर ओल्या फरशीवर पडले होते ना मी, सतरा जण बघत होते. आता तो चेंडू दिसला की फरशी आठवते. कोणाला सांगितलं नव्हतं. आता तुझी-माझी फिट्टंफाट.

तुझ्या चिठ्ठीवर काय लिहायचं ते मला माहीत नाही, पण मी पाहिलंय ते सांगते. आमच्याकडे एक वकील यायचे, धिप्पाड. त्यांना पोहता येत होतं, पण काठाची दांडी सोडवेना. रोज म्हणायचे, आज सोडतो, आणि दांडी आणखी घट्ट धरायचे. ज्या दिवशी मी सोडण्याचा विषयच काढला नाही आणि त्यांना तळाच्या पांढऱ्या फरश्या मोजायला सांगितल्या, त्या दिवशी ते अर्धा तलाव तरंगत गेले. दुसरी एक बाई तीन महिने नुसती काठावर पाय सोडून बसली. तिला मी कधी पोहा म्हटलं नाही, आज टॉवेल भिजवून घरी जा, एवढंच म्हटलं. मोठं काम समोर ठेवलं की माणूस त्याच्याकडे बघत बसतो. लहान दिलं तर करून टाकतो, आणि केलं की उद्या परत यायचं त्याला जरा सोपं जातं.

म्हणून माझी एक अट आहे. मला आता आकडे नकोत. यापुढे तुझं पत्र टॉवरमध्ये, पायरीवर बसून लिहायचं, आणि वर तारखेशेजारी पायरी टाकायची. पहिलं पत्र पहिल्या पायरीवरून. पुढचं कुठल्या, ते तू ठरव. खाली उतरून लिहिलेलं पत्र मी उघडणार नाही. आणि त्या पायरीवर बसून काय दिसतं ते लिही, छातीचं नको. वहिनीला सोबत ने, पण तिने पाठ फिरवून स्वेटर विणत बसावं. कोणी तोंडाकडे बघत असलं की माणसाला आपलं धडधडणं जास्त ऐकू येतं.

तू एक पत्र लिहिलंस की मी तेवढ्या वेळा चेंडू दाबीन, पायरी असेल तितक्या. म्हणजे पहिल्या पत्राला एकदाच. लबाडी नाही.

वाट बघतेय,
ताई


१ फेब्रुवारी, पायरी पहिली

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दार उघडं आहे, मी पहिल्या पायरीवर बसलोय, कागद मांडीवर. ही बाहेर बेकरीच्या बाकावर पाठ करून विणतेय. तिची पाठ सुद्धा काळजी करते, हे मला आज कळलं.

काय दिसतं ते लिही म्हणालीस. समोर भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात कोणीतरी चहाचा फुटका कप ठेवलाय. तीस वर्षं मी याच्यासमोरून गेलो आणि आज पहिल्यांदा पाहिला, कारण मी नेहमी वरच बघायचो. पायरीची कड मधोमध झिजलीय. अर्धी झीज माझीच असणार.

दारात धडधड झाली. बसल्यावर, कप दिसल्यावर, कधी थांबली ते कळलं नाही. तू छातीचं लिहू नको म्हणालीस, पण हे एवढं लिहितोच.

एकदाच दाब.

टिकटिक्या


१२ फेब्रुवारी, पायरी सतरावी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सतरावी पायरी हलते. दगड सुटलाय. म्हणून इथे जास्त वेळ बसलो, खालून पाचर ठोकली. हातात काम असलं की बाकीचं डोक्यात येत नाही, हे तू मला सांगायच्या आधी मला माहीत असायला हवं होतं, साऱ्या आयुष्यात मी दुसरं केलंय काय? आता रोज काहीतरी घेऊन चढतो. काल फडकं नेऊन पहिली खिडकी पुसली. उद्या तिच्या बिजागरीला तेल घालीन.

इथून बेकरीचं छप्पर दिसतं, त्यावर कोणाचा तरी एक बूट पडलाय. बेकरीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, बूट दोन वर्षांपासून आहे, आता त्याचाच झाला.

डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, तुमची बहीण कुठल्या दवाखान्यात असते?

सतरा वेळा. मोजून.

टिकटिक्या


१८ फेब्रुवारी

चि. टिकटिक्यास,
अ. उ. आ.

अक्षर बघ. पहिल्या पत्राला एकदा दाबला आणि मुळीच दुखलं नाही, म्हणून आणखी चार वेळा दाबला, पण ते तुझ्या हिशेबात धरू नकोस. सतराव्याला सतरा. बाराव्यानंतर दुखलं. तुझा बूट आठवला आणि पुढचे पाच झाले. काल तलावाच्या पहिल्या पायरीपर्यंत पाण्यात उतरले, घोट्याएवढ्या. शिष्य बघत होते. त्यातली एक म्हणाली, बाई, हळूच. माझंच वाक्य मला.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना सांग, बहीण कुठल्या दवाखान्यात नसते, ओल्या फरशीवर असते.

मार्चची तारीख भिंतीवर टांगून ठेवू नकोस. पुढच्या खिडकीची काच पुसलीस का, तेवढं कळव.

वहिनीला खूप प्रेम, तुला नेहमीचं.

ताई


११ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी लिहीत नाही, या घरात लिहिणारे तुम्ही दोघे. पण आता राहवत नाही म्हणून लिहिते. हे गेले दहा दिवस सत्तराव्या पायरीपर्यंत जातात आणि खाली येतात. सत्तरावीवरून लिहिलेली दोन पत्रं यांनी फाडून टाकली. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही निराश व्हाल असं यांना वाटतं. काल घरी येऊन म्हणाले, लावू दे त्यांना विजेचं घड्याळ, लोकांना वेळ कळल्याशी काम. आणि जेवले नाहीत. ताई, ते घड्याळ काढलं तर हा माणूस दुकानातल्या खुर्चीतून उठणार नाही. माझी भीती एवढीच आहे.

मी तुमच्या सांगण्याप्रमाणे पाठ फिरवून बसते. पण कान तर फिरवता येत नाहीत. हे चढताना मोठ्याने मोजतात, हे तुम्हाला माहीत आहे का? खालपर्यंत ऐकू येतं. साठपर्यंत आवाज चांगला असतो. साठनंतर बारीक होत जातो. सत्तर म्हणतात आणि मग काहीच ऐकू येत नाही. मला वाटतं, मोजलं नाही तर एकाहत्तरावी कुठली हे यांना कळणारही नाही, सगळ्या पायऱ्या सारख्याच तर आहेत.

माझ्या मनात एक आलंय. एकतीस वर्षं मी या घड्याळावर स्वयंपाक केला, पण ते आतून एकदाही पाहिलं नाही. यांनी कधी नेलं नाही, मी कधी म्हटलं नाही. मी यांच्याबरोबर वर जाऊ का? तुम्ही पाठ फिरवून बस म्हणाला होतात, म्हणून तुमचा नियम मोडायच्या आधी विचारते.

स्वेटर तुमच्यासाठीच होतोय. दोन बाह्या झाल्या.

आपली,
भावजय


१७ मार्च

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

तीस वर्षं शिकवते आणि मोजण्याचं माझ्या लक्षात आलं नाही. तुमच्या कानांना नमस्कार. नियम मोडा. त्याने तुम्हाला नेऊ नये, तुम्हीच पुढे चढा आणि प्रश्न विचारत राहा, जितके सुचतील तितके. मध्ये दमलात तर खुशाल बसा.

घाईत लिहितेय, तलावावर जायचंय.

ताई


२९ मार्च, टॉवरचा माथा. पायरी मोजली नाही.

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्राशेजारच्या लाकडी पेटीवर बसून लिहितोय. ही समोर उभी आहे आणि मोठ्या चाकाकडे बघतेय.

सकाळी दारात हिने एकदम सांगितलं, मला तुमचं घड्याळ बघायचंय, आणि मी नाही म्हणायच्या आत चढायला लागली. मागून जाणं भाग होतं. ती विचारत होती. वजनं किती आहेत, दोर कशाचा आहे, तास वाजतो तेव्हा हातोडी कोण उचलतं, पावसाळ्यात वेळ का बदलते. तिने कधी हे विचारलं नव्हतं, आणि मी कधी कोणाला इतकं सांगितलं नव्हतं. लंबकाची लांबी उन्हाने कशी वाढते हे मी समजावत होतो, तेवढ्यात ती एका खिडकीपाशी दम घ्यायला बसली. मी विचारलं, कितवी पायरी. ती म्हणाली, मी मोजल्या नाहीत, तुम्ही मोजत असाल. मीही मोजल्या नव्हत्या. खिडकीतून बेकरीचं छप्पर फार खाली दिसत होतं आणि बूट ठिपक्याएवढा. एकाहत्तरावी मागे कधीच गेली होती. ती नेमकी कधी मागे पडली, ते मला सांगता येणार नाही.

वर आलो. धूळ होती, दोन पाखरांची घरटी होती. किल्लीचा दांडा बसवला आणि आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी फिरवला. वजन वर यायला लागलं, तसा दोराचा तो जुना आवाज आला. ताई, मला रडू आलं. हिने पाठ फिरवली. आता तिला त्याची सवयच झाली आहे.

मग हिने भिंत पाहिली. तीस वर्षांच्या तारखा वाचत वाचत ती अगदी खालच्या ओळीपर्यंत आली आणि तिने विचारलं, ही शेवटची कोणी लिहिली? मी म्हटलं, पाच ऑक्टोबरची असेल, मीच. ती म्हणाली, इथे बारा आहे.

मी चष्मा पुसून पाहिलं. बारा ऑक्टोबर. अक्षर माझं. दोनची शेपटी माझी. त्या दिवशी मी एकशेअठरा पायऱ्या चढलो होतो, किल्ली दिली होती, तारीख टाकली होती, आणि काम करून घरी परत येताना एकाहत्तराव्या पायरीवर पडलो होतो. चढताना नाही. घड्याळ त्यानंतर आठवडाभर चाललं. बेकरीवाल्याचा गुरुवार बरोबर होता. मी जन्मभर लोकांना सांगितलं की घड्याळावर विश्वास ठेवा, आणि स्वतः पाच महिने घड्याळ सोडून भीतीवर विश्वास ठेवला.

हृदय बिघडलं होतं हे खरंच आहे, डॉक्टरीणबाई सांगतील तसंच वागणार, हळूहळूच चढणार. पण एक गोष्ट मला फार बरी वाटते. भिंत वाचायच्या आधीच मी वर पोचलो होतो.

त्या ओळीच्या खाली आजची तारीख लिहिली. मग पेन्सिल हिच्या हातात दिली. तिने तिच्या बारीक अक्षरात तीच तारीख आणखी एकदा लिहिली. आता खाली जाऊन बेकरीवाल्याची माफी मागायची आहे, आणि कचेरीत सांगायचं आहे की दर शनिवारी आम्ही दोघं येऊ.

मागच्या पत्रात तुझं अक्षर सरळ होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नकोस. किती खोल पाण्यात गेलीस ते कळव. आणि तुझा लोभ या दोघांवर असू दे. त्याला मात्र आठ दिवसांनी किल्ली द्यावी लागू नये.

तुझा,
टिकटिक्या

ता. क. एकशेअठरा वेळा.